कार्टूनची साइट आणि एक मेल

काही महिने आधी

२०११ साली कार्टूनची साइट काढायला कुणाची परवानगी लागत नव्हती. डॉट कॉम नाव वर्षाला पाचेकशे रुपयांत मिळायचं, होस्टिंगची जागा भाड्याने घ्यायची, स्कॅन केलेली चित्रं चढवायची, झालं. कानपूरचे तरुण व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांनी 'कार्टून्स अगेन्स्ट करप्शन' नावाने अशी साइट काढली ती अण्णा हजारेंच्या लोकपाल आंदोलनाला साथ म्हणून. मधे संपादक नाही, मालक नाही, पानाची जागा मोजणारा उपसंपादक नाही.

व्यंगचित्रकाराने स्वतःचंच व्यासपीठ उभं करण्याचं मराठी माणसाला अप्रूप नाही. बाळ ठाकरे यांनी नोकरी सोडून भावासोबत 'मार्मिक' काढलं ते १३ ऑगस्ट १९६० ला. पण 'मार्मिक' बंद पाडायचं तर छापखान्यापर्यंत जावं लागलं असतं, गठ्ठे उचलावे लागले असते, चार लोकांनी ते पाहिलं असतं. साइटचं तसं नसतं, हे २०११ च्या अखेरीस मुंबईत दिसलं. पुढचा घटनाक्रम त्याचाच आहे.

आदला दिवस : सोमवार, २६ डिसेंबर २०११

दिल्लीतल्या कडाक्याच्या थंडीमुळे अण्णांचं तीन दिवसांचं उपोषण मुंबईला आणलं होतं. वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीएचं मैदान घ्यायचं ठरलं आणि त्याच्या भाड्यावरून वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने हात घालायला नकार दिला. अण्णांना ताप होता. तिकडे दिल्लीत लोकसभेत दुसऱ्या दिवशी लोकपाल विधेयकावर चर्चा लागणार होती.

साइटवर तेव्हा जी चित्रं होती त्यांतली दोन-तीन पुढे कोर्टाच्या कागदांत गेली. एकात राजमुद्रेवरच्या सिंहांच्या जागी लांडगे होते आणि खाली 'सत्यमेव जयते'ऐवजी 'भ्रष्टमेव जयते'. दुसऱ्यात संसदेचा संडास केला होता. मला स्वतःला ती चित्रं ढोबळ वाटतात. रेषेला ताकद आहे, पण चिमटा नाही, थेट ठोसाच. आवडणं-नावडणं मात्र इथे गैरलागू आहे.

मंगळवार, २७ डिसेंबर : सकाळ

अण्णा जुहूला गांधींच्या पुतळ्याला हार घालून मिरवणुकीने मैदानाकडे निघाले. दिल्लीत सभागृहात चर्चा सुरू झाली. वाहिन्यांचे अर्धे कॅमेरे इकडे, अर्धे तिकडे. मैदानावर दिल्लीच्या रामलीला मैदानासारखी गर्दी झालीच नाही, हे दुपारपर्यंत सगळ्यांच्या लक्षात आलं. त्रिवेदी यांची कार्टून्स तिथे फलकांवर लावली होती.

याच सुमारास एका वेगळ्या टेबलावर एक कागद सरकत होता. मुंबईतल्या एका वकिलाने, ते काँग्रेसचे स्थानिक पदाधिकारीही होते, या चित्रांबद्दल पोलिसांत तक्रार केली होती. ती गुन्हे शाखेकडे गेली. गुन्हे शाखेने व्यंगचित्रकाराला शोधलं नाही, जिथे फाइली ठेवल्या होत्या तो सर्व्हरही शोधला नाही. तिने नाव विकणाऱ्या कंपनीला, म्हणजे बिगरॉक या रजिस्ट्रारला कळवलं.

इथे थोडं थांबतो, कारण माझा धंदाच हा आहे.

साइट तीन जागी राहते. नाव असतं रजिस्ट्रारकडे. त्याच्या वर सगळ्या डॉट कॉमची वही ठेवणारी अमेरिकेतली व्हेरिसाइन. आणि प्रत्यक्ष चित्रं होस्टिंगच्या सर्व्हरवर. ग्राहकाला यातलं फक्त होस्टिंग दिसतं, कारण महिन्याचं बिल त्याचं येतं. नावाचं बिल वर्षातून एकदाच येतं आणि बहुतेक जण ते विसरतात. मी तेरखेड्यात बसून वेबची कामं करतो. आमचं गाव फटाक्यांचं, वाशी तालुक्यातलं, धुळे-सोलापूर हमरस्त्यावरचं. फटाक्यांची ऑनलाइन विक्री सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच बंद केली, त्यामुळे गावातल्या धंद्याची दुकानं नेटवर मांडायचं काम माझ्या वाट्याला येत नाही. शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं यांच्या साइट करतो. आणि सध्या आम्ही चौघे मिळून मराठी चित्रकथांचं एक व्यासपीठ उभं करतोय, मोबाइलवर अंगठ्याने वर सरकवत वाचायच्या उभ्या चित्रकथांचं. दोघं काढणारे, एक लिहिणारा, आणि साइटचं सगळं माझ्याकडे. उद्घाटनाच्या यादीत पहिल्यांदा सर्व्हर किती वाचक झेपवेल, चित्रं किती केबीची करायची, जोडाक्षरं सगळ्या फोनवर नीट दिसतात का, हेच मुद्दे होते. नाव कुणाच्या खात्यावर घ्यायचं हा मुद्दा त्यात नव्हता. तो या प्रकरणाचे कागद वाचताना आला.

दुपारनंतर

बिगरॉकने डोमेन स्थगित केलं. तो होता उपोषणाचा पहिला दिवस, त्यामुळे वेळेबद्दल कुणाला शंका घ्यायची असेल तर ती आपसूक आली. कंपनीने त्रिवेदी यांना जे कळवलं त्याचा मथितार्थ एवढाच : गुन्हे शाखेकडून तक्रार आली आहे, राष्ट्रध्वज आणि राष्ट्रचिन्हासंबंधी आक्षेपार्ह चित्रं आणि मजकूर आहे, म्हणून नाव बंद केलं आहे. आधी नोटीस नाही, बाजू मांडायची मुदत नाही, न्यायालयाचा आदेश नाही. नेटवरचा मजकूर अडवायला माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६९अ कलम होतं, २००९ चे नियम होते, दिल्लीत समिती होती. त्या रस्त्याने कुणी गेलं नाही.

कंपनीला पूर्ण दोष देऊन मोकळं होणंही मला पटत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या नियमांनी मध्यस्थ कंपन्यांना तक्रार कळल्यापासून छत्तीस तासांत हालचाल करायला सांगितलं होतं. पाचशे रुपयांच्या गिऱ्हाइकासाठी पोलिसांशी हुज्जत घालणारा रजिस्ट्रार मला तरी अजून भेटलेला नाही.

पुढचे काही तास

नाव असं गोठवलं की रजिस्ट्रार त्याच्या नोंदीवर 'क्लायंट होल्ड' असा शिक्का मारतो. काही मिनिटांत व्हेरिसाइनच्या वहीतून ते नाव निघतं. चित्रं सर्व्हरवर जिथल्या तिथे असतात, एकही फाइल पुसली जात नाही. पण नाव टाईप केलं तर पुढचा पत्ता मिळत नाही.

ज्यांनी हे कधी सोसलं नाही त्यांना वाटतं साइट एका क्षणात जाते. तशी ती जात नाही. प्रत्येक इंटरनेट कंपनी आपल्याकडे पत्ते काही काळ साठवून ठेवते. कुणाकडे ती नोंद तासाभरात शिळी होते, कुणाकडे चार तासांनी. डॉट कॉमच्या वहीतली नोंद तर अठ्ठेचाळीस तासांपर्यंत तग धरू शकते. मग मुंबईतल्या एका फोनवर साइट बंद, पुण्यात चालू, आणि आमच्यासारख्या गावात दुसऱ्या दिवशी सकाळीही चालूच. साइटवाल्याला पहिला फोन येतो तो "तुझं नेट बघ रे" असा. अर्धा दिवस तो राउटर बंद-चालू करण्यात घालवतो. तेवढ्यात त्याच नावावरचा ईमेलही बसलेला असतो, कारण पत्र पोचवायलाही तेच नाव लागतं. पासवर्ड बदलायची लिंक त्याच ईमेलवर येणार असते, रजिस्ट्रारशी पत्रव्यवहार त्याच ईमेलवरून करायचा असतो. म्हणजे घराला कुलूप लागलं आणि किल्लीची चिठ्ठी आत राहिली.

रात्र

चर्चा एवढी लांबली की टीव्हीसमोर बसलेल्यांना ती संपतच नाही असं वाटत होतं. मध्यरात्रीच्या सुमारास लोकसभेने लोकपाल विधेयक मंजूर केलं. लोकपालला घटनात्मक दर्जा देणारी दुरुस्ती मात्र आवश्यक बहुमताअभावी पडली. त्या गदारोळात एका कार्टूनच्या साइटची बातमी कोण वाचणार?

त्रिवेदी यांनी चित्रं पुन्हा चढवली, यावेळी गूगलच्या ब्लॉगस्पॉटवर. फुकटची जागा, नाव दुसऱ्याचं. हाताशी प्रती होत्या म्हणून हे जमलं. चित्रं फक्त बंद साइटच्या पॅनेलमध्येच असती, आणि पॅनेलचा पासवर्ड त्याच ईमेलवर अडकला असता, तर काय झालं असतं हे कुठल्याही वेब करणाऱ्याने स्वतःला विचारावं.

बुधवार, २८ डिसेंबर

तब्येत आणि गर्दी दोन्हींनी दगा दिला. संध्याकाळी अण्णांनी उपोषण सोडलं, तीस तारखेपासूनचं जेल भरोही मागे घेतलं. मैदान रिकामं झालं, फलक उतरले. एखाद्याला वाटलं असतं, प्रकरण मिटलं.

आमच्याकडे फटाक्याच्या वातीला निदान लांबी असते. पेटल्यावर मागे सरकायला तेवढे क्षण मिळतात, आणि वात किती लांब ठेवायची हे बनवणाऱ्याला ठाऊक असतं. या प्रकरणाची वात कुठवर गेली आहे, हे आठेक महिने कुणालाच दिसलं नाही.

वर्ष संपता संपता, आणि नंतर

डिसेंबर सरता सरता मैदानावरच्या चित्रांबद्दल वांद्रे-कुर्ला संकुल पोलीस ठाण्यात तक्रार झाली. राजद्रोहाचं १२४अ, राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाचा १९७१ चा कायदा, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, नेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा करणारं ६६अ. शिवाय बीडच्या न्यायालयात वेगळी तक्रार गेली. हे वाचताना मी जरा दचकलो. तेरखेड्याहून पारगाव, चौसाळा करत बीड म्हणजे आमच्या रोजच्या येण्याजाण्याचा रस्ता. कानपूरच्या माणसाने मुंबईत लावलेल्या, नेटवर चढवलेल्या चित्रासाठी बीडला खटला होऊ शकतो. साइट सगळीकडे दिसते, म्हणून खटलाही कुठूनही निघतो. तारखेला जायचं भाडं मात्र चित्र काढणाऱ्याच्या खिशातून.

शनिवार, ८ सप्टेंबर २०१२

त्रिवेदी यांना मुंबईत अटक.

रविवार, ९ सप्टेंबर

सुट्टीच्या न्यायालयात हजर केलं, सोळा तारखेपर्यंत पोलीस कोठडी. वर्तमानपत्रांनी आता तीच लांडग्यांची राजमुद्रा पहिल्या पानावर छापली. डिसेंबरात साइट बंद केल्याने जी चित्रं मूठभर लोकांनी पाहिली होती ती त्या दिवशी देशाने पाहिली.

सोमवार, १० सप्टेंबर

पोलिसांनीच सांगितलं की आणखी कोठडी नको. न्यायालयीन कोठडी चोवीस तारखेपर्यंत. त्रिवेदी यांनी जामीन मागायला नकार दिला, आणि आर्थर रोड तुरुंगात गेले.

मंगळवार, ११ आणि बुधवार, १२ सप्टेंबर

संस्कार मराठे या वकिलांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने पाच हजारांच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर जामीन दिला. दुसऱ्या दिवशी सुटका. पुढे ऑक्टोबरात सरकारने राजद्रोहाचं कलम मागे घेत असल्याचं न्यायालयाला सांगितलं.

नोव्हेंबर २०१२

'मार्मिक'चे संस्थापक गेले. त्यानंतर मुंबई बंद का, असं फेसबुकवर विचारल्याबद्दल आणि ते विचारणं 'लाइक' केल्याबद्दल पालघरच्या दोन मुलींना १९ नोव्हेंबरला अटक झाली. त्या गुन्ह्यातही ६६अ होतंच.

मार्च २०१५

आठवड्याच्या अंतराने दोन निकाल आले. १७ मार्चला मुंबई उच्च न्यायालयाने संस्कार मराठे यांच्या याचिकेवर निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती मोहित शहा आणि न्यायमूर्ती नितीन जामदार यांच्या खंडपीठाने म्हटलं, या चित्रांत राग आणि तिटकारा ठासून आहे, विनोद किंवा उपरोध नाही, पण तेवढ्यावरून अभिव्यक्तीवर घाला घालता येत नाही, कारण हिंसेला चिथावणी नाही. न्यायमूर्तींनी व्यंगचित्राचं परीक्षण केलं आणि ते मला पटलं, असं फार क्वचित होतं. राजद्रोहाचं कलम लावण्याआधी जिल्ह्याच्या विधी अधिकाऱ्याचं लेखी मत घ्या, असंही त्यातून पुढे आलं. त्यावर गृहखात्याने ऑगस्टमध्ये परिपत्रक काढलं, तेच इतकं वादात सापडलं की मागे घ्यावं लागलं.

२४ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात ६६अ रद्द केलं. त्याच निकालात आमच्या धंद्याच्या कामाचं एक वाक्य आहे, त्याचा फारसा गवगवा झाला नाही. मध्यस्थ कंपनीला 'कळलं' असं कधी मानायचं? कुणीही तक्रार केली म्हणून नाही, तर न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची वा त्याच्या यंत्रणेची अधिसूचना आल्यावर. २०११ च्या डिसेंबरात हे असतं तर रजिस्ट्रारला गुन्हे शाखेला उलटा प्रश्न विचारता आला असता. 'सरकारी यंत्रणा' या शब्दांत किती काय मावतं, हा वाद अजून उरतोच.

हे सगळे कागद वाचल्यावर आमच्या व्यासपीठाची यादी बदलली. डोमेनच्या खात्यावरचा ईमेल आता त्या डोमेनचा नाही, वेगळा आहे. दुसरं नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे घेऊन ठेवलं आहे, त्याचा पत्ता वाचकांना पहिल्याच पानावर देणार आहोत. चित्रकथांच्या मूळ फाइली काढणाऱ्यांच्याच हार्ड डिस्कवर राहतील, आणि दर आठवड्याला एक प्रत माझ्या घरी येईल. पोलिसांकडून काही आलं तर नाव बंद करण्याआधी आम्हाला कळवू, असं कलम मात्र आम्ही वाचलेल्या एकाही रजिस्ट्रारच्या करारात सापडलं नाही.