क्रॉफर्डचा खर्च आणि टाउन कौन्सिल

मुंबई महापालिकेची स्थायी समिती आपल्याला टेंडरांच्या बातम्यांतून माहीत असते. तिचं मूळ मात्र एका कर्तबगार माणसाच्या उधळपट्टीत आहे.

१८६५च्या कायद्याने आयुक्त आर्थर क्रॉफर्डच्या हाती जवळपास सगळा कारभार आला. त्याने रस्ते केले, मंडई बांधली, शहर साफ केलं, तिजोरीही! हिशेब विचारायचा तो सरकारने नेमलेल्या ‘जस्टिस’ मंडळींनी. करदात्याला मतच नव्हतं.

१८७१मध्ये करदाते खवळले. तरुण फिरोजशहा मेहतांनी भरल्या रागात क्रॉफर्डच्या कामाची बाजू घेतली (हे धाडस मला फार मोलाचं वाटतं) आणि दोष पद्धतीचा आहे, लोकांनी निवडलेले सदस्य हवेत, असं मांडलं.

१८७२मध्ये ६४पैकी ३२ जागा करदात्यांच्या मतावर आल्या. अर्थात पैसेवाल्या करदात्यांच्याच. खर्चावर नजर ठेवायला १२ जणांची टाउन कौन्सिल नेमली गेली. १८८८च्या कायद्यात तिचीच स्थायी समिती झाली.