एका आकड्याचं भाषण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भाषण किती लहान असावं, असा विषय निघाला की मला ११ मे १९९५ ची गोष्ट सांगावीशी वाटते. व्हिडिओ गेमच्या धंद्याचं 'ई-थ्री' नावाचं प्रदर्शन लॉस एंजेलिसमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच भरलं होतं. सेगा या जपानी कंपनीच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की बोलायला उभे राहिले. त्यांचा 'सॅटर्न' हा कन्सोल सप्टेंबरात येणार, असं आधी जाहीर झालेलं होतं. कॅलिन्स्कींनी सांगितलं, थांबू नका, तो निवडक दुकानांत आजच पोहोचलाय. किंमत ३९९ डॉलर. पुढे सोनीची पाळी आली. त्यांचे स्टीव्ह रेस माइकपाशी आले, 'दोनशे नव्व्याण्णव' एवढंच म्हणाले आणि परत फिरले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचं खेळांचं यंत्र. आपल्याकडे त्या काळी ज्यांच्या घरी 'व्हिडिओ गेम' असे, तो बहुधा एखाद्या जपानी यंत्राची स्वस्त नक्कल असे. आणि सुट्टीत अख्ख्या चाळीतली पोरं त्याच्या 'कॅसेट'वर फुंकर मारमारून ती पुन्हा बसवून बघत. तिकडे मात्र हा कोट्यवधी डॉलरचा धंदा झाला होता.

गंमत म्हणजे सोनी या धंद्यात रागानं आली. निंटेंडोच्या यंत्राला सीडी जोडण्याचं काम सोनीकडे होतं. १९९१ च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीनं ते जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी निंटेंडोनं आपण फिलिप्सबरोबर जाणार असल्याचं सांगून टाकलं. भर बाजारात झालेला हा अपमान सोनीचे अभियंते केन कुतारागी विसरले नाहीत. त्यांच्या हट्टातून 'प्लेस्टेशन' उभं राहिलं.

आता तो शंभर डॉलरचा फरक. कन्सोलचा धंदा पेन स्वस्तात देऊन रिफिलवर कमावण्यासारखा आहे. यंत्रावर फार नफा नाही सुटला तरी चालतो. विकल्या गेलेल्या प्रत्येक खेळामागे कंपनीला हक्काची रक्कम मिळते. म्हणून यंत्र बनवायला सोपं हवं, आणि खेळ लिहिणाऱ्यांनाही सोपं हवं. सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर होते. कागदावर ताकद भरपूर, पण दोघांना एका वेळी कामाला लावताना प्रोग्रॅमरांच्या नाकी नऊ येत. शिवाय घाईनं बाजारात आणल्यामुळे खेळ तयार नव्हते, आणि ज्या दुकानदारांना पहिल्या दिवशी माल मिळाला नाही, ते रुसले ते रुसलेच. माझ्या मते सेगाला खरा फटका या रुसव्यानं दिला. किंमत तर त्यांनी ऑक्टोबरात २९९ वर आणलीच होती.

निंटेंडोचं 'निंटेंडो ६४' अमेरिकेत आलं १९९६ च्या सप्टेंबरात, अवघ्या १९९ डॉलरला. तेव्हा प्लेस्टेशनचीही किंमत तेवढीच होती. तरीही ते मागे पडलं, कारण त्यांनी 'कॅसेट' सोडली नाही. सीडीत सुमारे ६५० मेगाबाइट मावत, कॅसेटमध्ये फार तर ६४. सीडी छापायला स्वस्त आणि झटपट. कॅसेट महाग, आणि ती आधी मागणी नोंदवून निंटेंडोकडूनच बनवून घ्यायची. खेळ पडला की कॅसेटचा ढीग प्रकाशकाच्या गळ्यात. 'फायनल फँटसी' ही मालिका वर्षानुवर्षं निंटेंडोची. तिचा सातवा भाग १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आला, तीन सीडींत.

अखेरीस प्लेस्टेशन विकले गेले १० कोटींहून जास्त, निंटेंडो ६४ सुमारे ३ कोटी ३० लाख, सॅटर्न एक कोटीच्याही आत. आणि ज्या सोनीनं स्वस्ताईवर हे राज्य मिळवलं, तिनंच २००६ मध्ये 'प्लेस्टेशन ३' आणलं ते ४९९ आणि ५९९ डॉलरला. त्याच मोसमात निंटेंडोचं 'वी' २४९ ला मिळत होतं. गिऱ्हाइकं कुठं वळली, ते सांगायला नकोच.

सेगानं 'ड्रीमकास्ट' काढून आणखी एक डाव खेळून पाहिला, पण २००१ च्या जानेवारीत यंत्रं बनवणंच थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सेगाचा लाडका निळा सोनिक जपानमध्ये निंटेंडोच्या यंत्रावर धावू लागला.