सुई, दान आणि वेतन

ख्रिस्ती सेवाकार्याच्या इतिहासात धर्मोपदेशकांची व संस्थापकांची चरित्रे विपुल आहेत; निराधार मुलांसाठी घरच्या घरी मोजे विणणाऱ्या वा सदरे शिवणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख मात्र त्यांत क्वचितच आढळतो. याचा सर्व दोष इतिहासकारांकडे जात नाही. दान गुप्तपणे करावे, या हाताचे त्या हातास कळू नये, असा येशूच्या गिरिप्रवचनाचा आदेश आहे. तो ज्यांनी मनापासून पाळला त्यांनी आपल्या नावाचा माग ठेवला नाही, हे क्रमप्राप्तच होय. तथापि या अबोल सेवेचे मूल्यमापन केवळ तिच्यामागील हेतूवरून करता येणार नाही. इंग्लंडात दानासाठी चालणारी सुई आणि पोटासाठी चालणारी सुई या एकाच समाजात शेजारी शेजारी चालत होत्या, आणि पहिलीचा भार दुसरीवर पडण्याचा संभव नेहमीच होता.

या परंपरेचे मूळ ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात सापडते. याफो येथील टबीथा, ग्रीक भाषेत दोर्कास, मरण पावली तेव्हा विधवांनी तिने केलेले अंगरखे व वस्त्रे पेत्राला दाखविली. तिच्या तोंडचे एकही वाक्य ग्रंथात नाही. तिच्या वतीने बोलतात ते कपडे. हीच स्त्री पुढे प्रॉटेस्टंट जगतातील वस्त्रदान करणाऱ्या महिलामंडळांचा आदर्श ठरली. आयल ऑफ मॅन बेटावरील डग्लस येथे १८३४ साली, पटकीच्या संकटातून बचावल्याच्या कृतज्ञतेपोटी, तिच्या नावाचे मंडळ निघाले. ब्रिटन व अमेरिका येथील अनेक चर्चांतून अशी मंडळे पुढे काम करीत राहिली. सर्वच मंडळे अबोल होती असे मात्र नव्हे. डिकन्सने ‘स्केचेस बाय बॉझ’ या १८३६ च्या संग्रहात परोपकारी महिलामंडळांच्या आपसांतील चढाओढीची यथेच्छ थट्टा केली आहे. १८४३ साली ‘पंच’ साप्ताहिकाच्या नाताळ अंकात टॉमस हूड याची ‘साँग ऑफ द शर्ट’ ही कविता प्रसिद्ध झाली आणि नगावारी सदरे शिवून कसाबसा निर्वाह करणारी शिंपीण वाचकांसमोर उभी राहिली. ही दोन चित्रे एकत्र ठेवून पाहण्याजोगी आहेत.

लंडन गिल्डची कथा या दृष्टीने विशेष बोधक आहे. १८८२ साली डॉर्सेटमधील एका लहान अनाथाश्रमासाठी हाताने विणलेल्या मोज्यांचे २४ जोड आणि १२ लोकरी जर्सी हव्यात, अशी मागणी लेडी वुल्व्हर्टन यांच्याकडे आली. एकटीने विणीत बसण्याऐवजी त्यांनी मैत्रिणींचा एक संघ केला. प्रत्येकीने वर्षाकाठी निदान दोन कपडे द्यावयाचे, एवढाच नियम. छत्तीस नगांची ती मागणी या हिशेबाने अठरा स्त्रियांच्या वर्षभराच्या वर्गणीइतकी होते. मागणी मुलांच्या गरजेवरून ठरलेली, पुरवठा तेवढाच. या प्रमाणात दानाने कोणाची रोजी बुडाली असेल असे मानण्यास जागा नाही. १८८५ साली फिलाडेल्फिया येथेही याच धर्तीचा संघ स्थापन झाला. इंग्लंडात डचेस ऑफ टेक यांनी या कार्यास आश्रय दिला व त्यांच्यानंतर त्यांची कन्या, पुढील काळातील राणी मेरी, हिने ते वाढविले.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये प्रमाणच बदलले. महायुद्ध सुरू होताच राणीने गिल्डच्या द्वारे सैनिकांसाठी व युद्धामुळे अडचणीत येणाऱ्या कुटुंबांसाठी कपड्यांचे आवाहन केले, आणि देशभर सुया चालू लागल्या. नेमक्या त्याच आठवड्यांत श्रीमंतांनी नव्या पोशाखांची मागणी थांबविल्यामुळे शिवणकामावर जगणाऱ्या असंख्य स्त्रिया बेकार झाल्या होत्या. १९०६ साली स्त्रीकामगारांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन करणाऱ्या व १९१० साली क्रॅडली हीथच्या साखळी घडविणाऱ्या स्त्रियांचा लढा चालविणाऱ्या मेरी मॅकार्थर यांनी यास तीव्र हरकत घेतली. फुकट शिवलेला सदरा ज्या मुलासाठी शिवला जातो, त्याच मुलाच्या आईचे काम तो काढून घेतो, हे त्यांच्या आक्षेपाचे सार होते. दात्यांच्या सद्भावनेवर हा आरोप नव्हता, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण होते.

राणीने मॅकार्थर यांना बोलावून घेतले, त्यांचे म्हणणे ऐकले, आणि ऑगस्ट संपण्यापूर्वीच स्त्रियांच्या रोजगारासाठी मध्यवर्ती समिती व तिच्या साहाय्यार्थ राणीच्या नावाचा निधी उभा राहिला. मॅकार्थर समितीच्या मानद चिटणीस झाल्या. राजघराण्याने एका कामगार पुढाऱ्याचे असे ऐकावे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. समितीच्या कार्यशाळांत बेकार स्त्रिया गरीब बाळंतिणींसाठी व अर्भकांसाठी कपडे शिवू लागल्या. बाजारातील मालाशी स्पर्धा करावयाची नाही, हे तेथील पथ्य होते. अशा रीतीने मुलांची भेट हातची राहिली. फक्त त्या हातास आता मोबदला मिळू लागला.

तो मोबदला मात्र तुटपुंजा होता: तासाला ३ पेन्स, म्हणजे चाळीस तासांच्या आठवड्यास १० शिलिंग. सिल्व्हिया पँकहर्स्ट यांनी या कार्यशाळांवर पिळवणुकीचा उघड आरोप केला. त्याच वर्षी पूर्व लंडनमधील बो या वस्तीत त्यांनी खेळण्यांचा एक सहकारी कारखाना काढला. तेथे किमान वेतन तासाला ५ पेन्स वा आठवड्यास १ पौंड होते, आणि काम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय होती.