किंग्स्टनहून इंदुरात: एका मिशनरी डॉक्टरीणबाईचे शिकाऊ दिवस

इंदुरात ‘मिशन हॉस्पिटल’ आणि ‘क्रिश्चियन कॉलेज’ ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. कॉलेजचं नाव निघालं की किशोरकुमार इथे शिकले, हे कुणीतरी सांगतंच. पण ही मिशनची माणसं मुळात आली कुठून, आणि आली तेव्हा त्यांना इथलं काय कळत होतं, हे फारसं कुणी विचारत नाही. पुष्कळांचा समज असा की मिशन म्हणजे इंग्रजांचं. आपलं इंदूरचं मिशन कॅनडाचं, प्रेसबिटेरियन पंथाचं.

आज मॉर्मन पंथाची अठरा-एकोणीस वर्षांची मुलं घर सोडून आधी शिक्षण केंद्रात जातात, तिथे भाषा आणि शिस्त शिकतात आणि मग परमुलखात रवाना होतात. मॉर्मन मिशनरी १८५० च्या दशकात मुंबई-पुण्यापर्यंत येऊनही गेले होते. इंदूरला आलेल्या कॅनडाच्या मंडळींची गोष्ट उलटी होती. त्यांच्याकडे पदवी असायची, पण इथल्या कामाचं शिक्षण इथे पोचल्यावरच सुरू व्हायचं. त्यातल्या एकीचे, डॉ. एलिझाबेथ बीटी यांचे, सुरुवातीचे दिवस इथे पाहायचे आहेत.

कॅनडात १८८० साली किंग्स्टन गावच्या क्वीन्स विद्यापीठाने बायकांसाठी वैद्यकीचे वर्ग काढले. विद्यापीठ प्रेसबिटेरियनांचंच. सुरुवातीला ठीक चाललं. पुढे १८८२-८३ च्या सत्रात शरीरशास्त्राच्या एका अध्यापकाने वर्गात मुलींसमोर अश्लाघ्य शेरे मारले. मुली उठून बाहेर गेल्या. त्यावर वर्गातली पोरं म्हणाली, या बायका इथे राहणार असतील तर आम्हीच दुसऱ्या कॉलेजात जातो. आणि विद्यापीठ पोरांपुढे नमलं! नवीन मुली घ्यायच्या नाहीत, आहेत त्यांना वेगळं शिकवून एकदाचं पार पाडायचं, असं ठरलं. तेव्हा गावातल्या काही लोकांनी वर्गणी जमवली, कॅनडातल्या पहिल्या परवानाधारक स्त्री-डॉक्टर जेनी ट्राउट यांनी पैसा दिला आणि ऑक्टोबर १८८३ मध्ये बायकांचं निराळं मेडिकल कॉलेज उभं राहिलं. १८८४ च्या एप्रिलमध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तिघींपैकी एक म्हणजे बीटी. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या इंदुरात होत्या.

ज्या बाईला आपल्याच धर्मबंधूंच्या वर्गात बसू दिलं गेलं नाही, तिला त्याच धर्माच्या कामासाठी हजारो मैलांवर पाठवताना मात्र कुणी खळखळ केली नाही. याची गंमत वाटते, आणि थोडा रागही येतो.

मुंबईहून रेल्वेने खंडवा, तिथे गाडी बदलून होळकरांच्या कर्जातून बांधलेली छोटी लाइन, नर्मदेचा पूल, कालाकुंड-पातालपाणीचा घाट, महू आणि मग इंदूर. मालव्यातली डिसेंबरची थंडी कॅनडाच्या मुलीला थंडी वाटलीच नसणार.

आता त्या वेळचं इंदूर कसं होतं? शहर होळकरांचं, रेसिडेन्सी इंग्रजांची. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतरची ही विभागणी. एक हद्द ओलांडली की कायदा बदलायचा. १८७७ मध्ये डग्लस इंदुरात आणि कॅम्बेल महूला आले, १८७९ मध्ये विल्की आले, तेव्हापासून या मंडळींची दरबाराशी कुरबूर होतीच. तुकोजीराव महाराजांना (दुसरे) शहरात धर्मप्रचार नको होता. पुढे ए.जी.जी. सर लेपेल ग्रिफिन यांनीही मिशनऱ्यांची बाजू घेतली नाही. मिशनच्या लेखनात यावरून महाराजांना खलनायक ठरवलंय. मला ते पटत नाही. १ जुलै १८५७ रोजी याच रेसिडेन्सीवर हल्ला झाला होता आणि त्याचा संशय महाराजांना पुढे कितीतरी वर्षं भोगावा लागला. अशा राजाला भर चौकात धर्मावरून वाद नको वाटला, तर त्यात नवल काय!

पण चौकात उभं राहून बोलणं वेगळं आणि आजारी बाईला तपासणं वेगळं. पुरुष डॉक्टर नाडी बघणार, तीही पडद्याआडून, अशी घरं इंदुरात रग्गड होती. उपदेशकाला जिथे दार बंद, तिथे डॉक्टरीणबाईला मागच्या दाराने आत नेत. मिशनलाही हे पुरतं ठाऊक होतं, म्हणूनच बाई पाठवली. हे लपवण्यात अर्थ नाही. दवाखान्यात बायका बसल्या असताना बायबल वाचून दाखवायचं, ही त्या काळच्या बहुतेक वैद्यकीय मिशनांची रीतच होती.

खरी अडचण भाषेची. मिशनची पद्धत अशी की नव्या माणसाने वर्ष-दोन वर्षं मुन्शीपाशी बसायचं, परीक्षा द्यायची, मग काम. बरं, भाषा तरी कुठली? बाजारात मालवी आणि हिंदी, दरबारात आणि वाड्यांत मराठी, दप्तर मोडीत. बीटींच्या आधी आलेल्या मिस रॉजर आणि मिस फेअरवेदर १८७३ साली निघून आधी उत्तर हिंदुस्थानात अमेरिकन मिशनपाशी राहिल्या, तिथे शिकल्या आणि १८७७ मध्ये इंदुरात आल्या. आल्यावर बघतात तो काय, राजवाड्याभोवतीच्या घरांतल्या बायका मराठी बोलतायत!

उपदेशकाला निदान पाठ केलेलं बोलता येतं. डॉक्टरला आधी ऐकावं लागतं, आणि पेशंट काही भाषा येईपर्यंत थांबत नाही. आपल्याकडची बाई दुखणं कसं सांगते ते आठवून बघा. पोटात कळ येते, डोकं ठणकतं, पाठीत चमक भरते, हातापायाला मुंग्या येतात, जीव घाबरा होतो. कळ, ठणका, चमक, तीनही दुखणीच, पण डॉक्टरला त्यातला फरक कळला नाही तर औषध चुकलं. त्यातून बायकांच्या खास तक्रारी. त्या कुणी सरळ बोलायचंच नाही. ‘कावळा शिवला’, ‘अंगावर जातंय’, ‘दिवस गेलेत’. व्याकरणाच्या पुस्तकावरून ‘दिवस गेले’चा अर्थ लावला तर काय हाती लागेल? शेजारी मालवी बाई ‘म्हारो पेट दुखे’ म्हणते ते एक वेळ कळेल. कावळ्याचं काय करायचं? आणि हे मुन्शीला विचारायचीही सोय नाही, मुन्शी पुरुष.

म्हणजे हे शिकवणार कोण? पेशंट बायका आणि सोबत आलेल्या सासवा. मला तरी दुसरा मार्ग दिसत नाही. किंग्स्टनच्या कॉलेजाने बीटींना शरीर शिकवलं, पण ते शरीर बोलतं कसं, हे इंदूरच्या बायकांनी शिकवलं असणार. मिशनच्या कागदांत हे असं मांडलेलं नसतं. तिथे बाई शिकवायला आलेली असते.

याच वर्षांत एक मराठी मुलगी नेमका उलटा प्रवास करत होती. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात शिकू लागल्या. त्याची सुरुवातही एका मिशनरी मासिकातूनच झाली. गोपाळरावांचा मिशनऱ्याशी झालेला पत्रव्यवहार त्यात छापून आला आणि तो न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी वाचला. मिशनची अपेक्षा होती धर्मांतराची. आनंदीबाई निघण्याआधी सेरामपूरला सांगून गेल्या की हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन, आणि तशाच आल्या. ‘कावळा शिवला’ हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. पण मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. कोल्हापूरची नेमणूक हातात होती, काम सुरूही झालं नाही.

त्याच १८८६ मध्ये किंग्स्टनहून दुसरी डॉक्टर, मॅरियन ऑलिव्हर, पदवी घेऊन इंदुरात आली. जूनमध्ये तुकोजीराव महाराज वारले होते, गादीवर शिवाजीराव बसले होते. बीटींना एव्हाना इंदुरात दोन वर्षं होत आली होती. नव्या बाईला भाषा शिकवायला मुन्शी होताच. मुन्शीला विचारता येत नाही ते विचारायला आता बीटीही होत्या.