डिसेबल्ड बे, सत्तर पौंडांची पावती आणि अपिलाचा हक्क

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

विंडस्क्रीनवर काउन्सिलची पावती दिसली की आपल्या लोकांच्या दोनच प्रतिक्रिया असतात. पहिली, "जाऊ दे, १४ दिवसांत भरलं तर निम्मेच पैसे, भरून टाक, कटकट नको." दुसरी, "पाचच मिनिटं तर थांबलो होतो, अपील ठोकून दे!" पावती डिसेबल्ड बेमध्ये थांबल्याची असेल तर दोन्ही आणखी जोरात येतात. पहिलीत लाज असते, दुसरीत राग. मला दोन्ही पटत नाहीत. का पटत नाहीत हे सांगायला थोडं मागे जावं लागेल, कारण तो बे आणि ते अपील, दोन्ही गोष्टी या देशात कुणीतरी भांडून मिळवलेल्या आहेत.

आधी दंडाची गोष्ट. लंडनमध्ये पहिले पार्किंग मीटर १० जुलै १९५८ ला मेफेअर भागात सुरू झाले. युद्धानंतर गाड्या वाढल्या होत्या, रस्ते मात्र तेवढेच होते. दोन वर्षांनी, १९ सप्टेंबर १९६० ला, ट्रॅफिक वॉर्डन वेस्टमिन्स्टरच्या रस्त्यांवर उतरले. आणि गंमत बघा, पहिल्याच दिवशी पहिली पावती मिळाली ती एका डॉक्टरला. एका हॉटेलात कुणाला तरी हृदयविकाराचा झटका आला होता आणि हे डॉक्टर गाडी बाहेर सोडून धावत आत गेले होते. दंड २ पौंड. त्यावर एवढा गाजावाजा झाला की शेवटी तो दंड माफ करावा लागला.

म्हणजे पहिल्याच पावतीनं मुख्य प्रश्न समोर आणला. नियम मोडला गेला का, हा एक प्रश्न. आणि या माणसाकडून दंड घेणं योग्य आहे का, हा दुसरा. डॉक्टरसाहेब सुटले कारण त्यांची बातमी झाली. ज्याची बातमी होत नाही त्यानं काय करायचं? याचं धड उत्तर द्यायला कायद्याला जवळजवळ ५० वर्षं लागली. त्याकडे येतोच, पण आधी बेची गोष्ट.

त्या काळात चालता न येणाऱ्या माणसाला सरकारकडून फिकट निळ्या रंगाची तीनचाकी गाडी मिळायची. एकाच माणसाची जागा. बायको-मुलांना बरोबर न्यायची सोय नाही. वाऱ्यात हलायची, मध्येच बंद पडायची. पण ती घेऊन गावात गेलं तरी उभी कुठे करायची? मीटर आणि पिवळ्या रेघा सगळ्यांना सारख्याच. ज्याला वीस पावलं चालणं जड, त्याला अर्धा मैल लांब जागा मिळाली तर ती मिळून न मिळाल्यासारखीच.

हे बदललं अल्फ मॉरिस या मँचेस्टरच्या मजूर पक्षाच्या खासदारामुळे. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धातून कायमचे जायबंदी होऊन परतले होते आणि अल्फ लहान असतानाच वारले. अपंग माणसाच्या घरात काय हाल होतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. १९६९ च्या शेवटी खासदारांच्या खासगी विधेयकांच्या सोडतीत त्यांचा नंबर पहिला लागला आणि त्यांनी दीर्घकाळ आजारी व अपंग लोकांसाठीचं विधेयक आणलं. सरकारला ते खर्चिक वाटत होतं. त्यात निवडणूक तोंडावर आली. संसद बरखास्त झाली की विधेयक बुडणार. अगदी शेवटच्या दिवशी, २९ मे १९७० ला, त्यावर शाही संमतीची मोहोर उमटली. त्या कायद्याच्या २१ व्या कलमात गाडीवर लावायच्या बिल्ल्याची तरतूद आहे. १९७१ च्या अखेरीस नारिंगी बिल्ला सुरू झाला. १९७४ मध्ये मॉरिस अपंगांसाठीचे मंत्री झाले. असं खातं जगात त्याआधी कुठेच नव्हतं.

हाच बिल्ला २००० मध्ये युरोपभर चालणाऱ्या नमुन्याचा, निळा झाला. तो आपला ब्लू बॅज. ३० ऑगस्ट २०१९ पासून इंग्लंडमध्ये तो न दिसणाऱ्या आजारांसाठीही मिळू लागला. ऑटिझम, डिमेन्शिया, तीव्र मानसिक त्रास वगैरे. त्यामुळे "तो तर ठणठणीत चालत गेला की!" हे वाक्य आता जरा जपून बोलावं.

हा इतिहास डोक्यात ठेवला की "पाचच मिनिटं थांबलो" या वाक्याचं काय करायचं ते कळतं. त्या पाच मिनिटांत ज्याच्यासाठी जागा आहे तो माणूस आला तर त्याला दुसरीकडे जाता येत नाही. तो घरी परत जातो, आणि ते आपल्याला कधी दिसत नाही. म्हणूनच कायद्यात हा उल्लंघनाचा वरचा वर्ग धरलाय. लंडनबाहेर इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी दंड ७० पौंड, १४ दिवसांत भरला तर ३५. लंडनमध्ये आकडा बराच मोठा आहे. बॅज नसताना, दुसरं कुठलंही कारण नसताना तिथे गाडी लावली असेल, तर माझं म्हणणं सरळ आहे: पैसे भरा. आई-बाबा भारतातून आलेत आणि त्यांचे गुडघे दुखतात, हेही चालत नाही. भारतातलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र डॅशबोर्डवर ठेवलं तर तो ब्लू बॅज होत नाही.

मग अपील कुणासाठी? आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे येऊ.

१९६० पासून तीसेक वर्षं पार्किंगचा गुन्हा हा खरोखर गुन्हा होता. पोलीस, वॉर्डन, मॅजिस्ट्रेटचं कोर्ट. पण पोलिसांना मोठी कामं होती आणि लंडनमध्ये कुणी कुठेही गाड्या लावत होतं. म्हणून १९९१ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टनं हे काम काउन्सिलकडे दिलं. लंडनमध्ये १९९३-९४ मध्ये ते सुरू झालं, लंडनबाहेर पहिलं गाव विंचेस्टर, १९९६ मध्ये. गुन्हा राहिला नाही, दिवाणी दंड झाला. पेनल्टी चार्ज नोटीस, आपण ज्याला पीसीएन म्हणतो, ती तेव्हाची.

यात एक मोठी गोम होती. पावती फाडणार काउन्सिल, तक्रार ऐकणार काउन्सिल आणि पैसेही काउन्सिलच्याच तिजोरीत. स्वतःच फिर्यादी आणि स्वतःच न्यायाधीश! त्यामुळे त्याच कायद्यात तोल सांभाळायला स्वतंत्र ॲडज्युडिकेटर ठेवले गेले. हे काउन्सिलचे कारकून नव्हेत, अनुभवी वकील असतात आणि त्यांचा निकाल काउन्सिलवर बंधनकारक असतो. लंडनसाठी आज लंडन ट्रायब्युनल्स आहे, बाकी इंग्लंड आणि वेल्ससाठी ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल. तिथे अपील करायला एक पेनीही लागत नाही.

म्हणजे अपील ही काउन्सिलची मेहेरबानी नाही. काउन्सिलला दंडाचा अधिकार मिळाला तो याच अटीवर.

तरी एक कमतरता उरली होती. नियम मोडला गेला असेल, पण कारण पटण्यासारखं असेल, तर ॲडज्युडिकेटरचे हात बांधलेले. माफ करायचं की नाही हे फक्त काउन्सिल ठरवणार. २००४ च्या ट्रॅफिक मॅनेजमेंट ॲक्टखालचे नियम ३१ मार्च २००८ ला लागू झाले आणि हे थोडं सुटलं. कारण खरंच सबळ असेल तर ॲडज्युडिकेटर आता प्रकरण काउन्सिलकडे परत पाठवून "दंड रद्द करा" अशी शिफारस करू शकतात, आणि काउन्सिलला त्यावर ३५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. १९६० च्या डॉक्टरसाठी जे लोकांच्या आरडाओरड्यामुळे झालं, ते २००८ मध्ये कागदावर आलं.

हे पुस्तकी नाही. दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका काकूंसाठी मीच कागद लिहून दिले होते. काकूंना संधिवात, बॅज रीतसर, मुलगा गाडी चालवत होता. डिसेबल्ड बेमध्येच गाडी लावली, दार आपटलं आणि बॅज डॅशबोर्डवरून घसरून सीटखाली गेला. परत येतात तर पावती. काउन्सिलला बॅजची प्रत पाठवली, तर छापील उत्तर आलं: बॅज दिसत नव्हता, दंड कायम. काकू म्हणाल्या, "अरे, भरून टाकू. उगाच बॅजच काढून घेतील." ही भीती मला त्या ३५ पौंडांपेक्षा मोठी वाटली. ज्यांच्यासाठी तो बे आखलाय तेच घाबरून पैसे भरतायत!

आम्ही ट्रायब्युनलपर्यंत गेलो. ॲडज्युडिकेटरनं स्पष्ट सांगितलं की बॅज दिसेल असा ठेवणं हा नियम आहे आणि तो पाळला गेला नाही. म्हणजे कायद्यानं काउन्सिल बरोबर. पण बॅज खरा, काकू गाडीत होत्या, फसवायचा हेतू नव्हता. शिफारस केली, काउन्सिलनं मानली, दंड रद्द. काकूंचा बॅज काकूंकडेच आहे.

आता उपयोगाचं, क्रमानं.

पहिली पायरी: पावती मिळाल्यावर १४ दिवसांच्या आत काउन्सिलला साधं पत्र किंवा ऑनलाइन हरकत. या मुदतीत लिहिलंत आणि त्यांनी नाकारलं, तर साधारणपणे निम्म्या दंडाची सवलत पुन्हा देतात. त्यामुळे विचारून बघण्यात तोटा नाही.

दुसरी: दंड भरला नाही तर गाडीच्या नोंदणीकृत मालकाच्या नावानं नोटीस टू ओनर येते. त्यावर २८ दिवसांत रीतसर निवेदन. काउन्सिलनं ५६ दिवसांत उत्तर दिलं नाही तर तुमचं म्हणणं मान्य झालं असं धरलं जातं. तारखा लिहून ठेवा!

तिसरी: त्यांनी नाकारलं तर नकाराच्या पत्रानंतर २८ दिवसांत ट्रायब्युनल. इथे सवलत गेलेली असते, हरलात तर पूर्ण रक्कम. जिंकण्यासारखं काही आहे का, ते आधी बघा.

यातली कुठलीही नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका. दंड दीडपट होतो, मग नॉर्थॅम्प्टनच्या कोर्टात नोंद होते, शेवटी दारात वसुलीवाले येतात.

काय बघायचं? रस्त्यावरचा बे कायद्यानं बंधनकारक व्हायला मागे ट्रॅफिक ऑर्डर लागते आणि जागेवर पाटी व खुणा लागतात. घरांसमोरच्या गल्लीत काही ठिकाणी नुसते सौजन्याचे बे रंगवलेले असतात, ऑर्डर नसते. तिथे काउन्सिलला पावती देता येत नाही. (देता येत नाही म्हणून तिथे गाडी लावायची असं नाही, हे सांगायला नको. स्कॉटलंडनं तर २००९ मध्ये कायदाच केला की काउन्सिलनी असे बे बंधनकारक करून घ्यावेत.) पाटी झाडाआड आहे का, रंग उडालाय का, पावतीवर रस्त्याचं नाव, वेळ, गाडीचा नंबर बरोबर आहे का? लगेच फोटो काढा.

सुपरमार्केटच्या आवारातली पावती मात्र वेगळी. तिथेही पीसीएनच लिहिलेलं असतं, पण बहुतेकदा ती खासगी कंपनीची असते. ते पार्किंग चार्ज, कराराचा मामला. तिथे वर सांगितलेली ट्रायब्युनल लागू नाही, त्यांची अपिलाची सोय निराळी. पण "खासगी आहे, फाडून टाक" हा जुना सल्ला ऐकू नका. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं चेम्सफर्डच्या एका प्रकरणात ८५ पौंडांचा असा आकार वैध ठरवला आहे.

"काउन्सिल पैसे कमवायलाच दंड करते" असंही आपण म्हणतो. कायद्यानं त्यांना तसं करता येत नाही. २०१३ मध्ये उत्तर लंडनच्या बार्नेटमध्ये परमिटचे दर तिजोरी भरायला वाढवले म्हणून एका रहिवाशानं हायकोर्टात दाद मागितली, आणि काउन्सिल हरली. संशय असेल तर हिशोब मागा, पण त्या रागापोटी बे अडवू नका.

तर मंडळी, आपली चूक असेल तर पैसे भरा आणि ती जागा ज्याची आहे त्याला सोडा. चूक नसेल, किंवा घरातल्या बॅजधारक माणसाला उगाच पावती आली असेल, तर गप्प भरू नका. आणि घरी बॅज असेल तर आज तो बघून ठेवा: मुदत संपली नाही ना, पुढची बाजू वर राहते ना, घसरत नाही ना. तो माणूस स्वतः प्रवासात नसताना त्याचा बॅज वापरणं हा गुन्हा आहे, १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. "बाबांचा बॅज आहे, पटकन दूध घेऊन येतो" हे बंद करा.

इंग्रजीत पत्र लिहायची अडचण असलेले काका-काकू तुमच्या ओळखीत असतील तर मला मेसेज करा. पावती, फोटो आणि तारखा घेऊन या, रविवारी दुपारी बसून लिहू.