नशिबाला आकडा कोणी दिला?

मागच्या वेळी आपण सारीपाट आणि कवड्यांविषयी बोललो होतो. खेळताना आपण सहज म्हणतो, "आज हिचा हात चांगला पडतोय." खरं तर कवड्या कोणाला ओळखत नाहीत. सासूच्या हातून पडल्या काय नि सुनेच्या हातून पडल्या काय, त्यांना सारखंच. पाटावर नशीब असतं, पण ते कोणा एकीच्या नावावर मांडलेलं नसतं. आज आम्ही सांगणार आहोत ते अशा खेळांविषयी, ज्यांत प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं नशीब आकड्यात लिहितात.

हे खेळ टेबलाभोवती बसून खेळायचे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. दार उघडलं का, उडी जमली का, हे फासे ठरवतात. याचं मूळ शोधत गेलं तर लष्करात सापडतं. प्रशियात 1824 साली रायस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्याने लढाईच्या सरावासाठी नकाशावरचा खेळ छापला, त्यात किती सैनिक पडले हे फाशांवरून काढत. पुढे 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला. त्यात माणसाचे सहा गुण होते: ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि छाप. तीन फासे टाकायचे, बेरीज येईल तेवढा गुण. नशीब मात्र या यादीत नव्हतं.

ते आलं पुढच्याच वर्षी. ॲरिझोनातल्या केन सेंट आंद्रे यांनी 'टनेल्स अँड ट्रोल्स' हा खेळ केला आणि शहाणपण काढून तिथे नशीब घातलं! आम्ही हे वाचून खूप हसलो. शहाणपणाच्या जागी नशीब, हा हिशेब आपल्याकडच्या कितीतरी घरांत चालतो.

पण नशीब हा गुण बांधणं अवघड. ताकदीने दगड उचलायचा, चपळाईने पळायचं. नशिबाने काय करायचं? सगळीकडेच चालवलं तर बाकीचे गुण फुकट जातात. कधीच कामाला येत नसेल तर लिहायचं कशाला? 1980 च्या 'टॉप सीक्रेट' या हेरांच्या खेळाने वेगळीच युक्ती केली. मरणाच्या दारातून वाचवणारे काही गुण प्रत्येकाला द्यायचे, पण किती दिले ते खेळवणाऱ्यालाच ठाऊक. खेळणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही, शिल्लक आहे की संपलं.

आम्हाला सगळ्यांत पटलं ते 1982 चं एक इंग्रजी पुस्तक, 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन'. स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन यांनी ते लिहिलं. 400 तुकड्यांची गोष्ट, एकटीनेही खेळता येते. सुरुवातीला एक फासा टाकून त्यात 6 मिळवायचे, ते आपलं नशीब. म्हणजे 7 ते 12. अडचण आली की दोन फासे टाकायचे. बेरीज नशिबाएवढी किंवा कमी आली तर सुटलात. पण सुटा नाहीतर अडका, दर वेळी नशीब एकाने कमी होतं. लढाईत समोरच्याला एरवी 2 ची जखम होते. नशीब पणाला लावून जिंकलं तर 4 ची, हरलं तर नुसती 1 ची. नशीब वापरलं की झिजतं, साबणाच्या वडीसारखं. म्हणून दर वेळी विचार पडतो, आत्ता लावू की पुढच्यासाठी राखू?

आम्ही गटाच्या बैठकीनंतर हे खेळून पाहिलं. लुडोचे दोन फासे घेतले आणि नशिबाच्या आकड्याएवढे चिंचोके प्रत्येकीपुढे ठेवले. पहिल्याच डावात भांडण लागलं. एकीला आले 12, एकीला 7. सातवाली म्हणाली, "इथंपण जन्मापासून कमीच का?" आता दोन फासे 36 तऱ्हांनी पडू शकतात. 12 असेल तर 36 पैकी 36 वेळा सुटका, 7 असेल तर फक्त 21 वेळा. तिची तक्रार खरी होती. पुस्तकात यावर उपाय नाही. हरवलेलं नशीब अधूनमधून परत मिळतं, पण बहुतेक वेळा सुरुवातीच्या आकड्याच्या वर जात नाही. सातवालीची धाव सातापर्यंतच.

मग बारावालीने आपल्यातले दोन चिंचोके तिच्यापुढे सरकवले. एकीचे 10 झाले, दुसरीचे 9. आमच्या हिशेबनीस बाईने तिथल्या तिथे वहीवर मांडून पाहिलं. 10 वर 36 पैकी 33 वेळा सुटका, 9 वर 30 वेळा. देणारीच्या 3 संधी गेल्या, घेणारीच्या 9 वाढल्या. दोनदा मांडलं, तेच आलं.

डाव पुढे सुरू झाला तो नव्या वादानेच. हे चिंचोके उसने दिले की कायमचे? उसने असतील तर परत कधी, आणि व्याज लावायचं का? त्या संध्याकाळी गुहेतला राक्षस तसाच राहिला. पुढच्या बैठकीला पुन्हा मांडणार आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी चिंचोके घरून आणावेत, आमच्याकडचे मुलांनी भाजून खाल्ले.