देवळालीचा ताप आणि पाण्यात उतरलेले सैनिक

आजची गोष्ट नाशिकच्या एका शब्दापासून सुरू होते. शब्द आहे ‘डूलॅली’. ब्रिटनमध्ये एखाद्याचं डोकं फिरलं, की तो डूलॅली झाला असं म्हणतात. हे डूलॅली म्हणजे आपली देवळाली! मुंबईहून येताना नाशिक रोडच्या आधीचं स्टेशन.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी देवळालीला लष्करी छावणी उभारली. भारतातली नोकरी संपलेले गोरे शिपाई इथे यायचे आणि मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघायचे. जहाजं मात्र साधारण हिवाळ्यातच सुटायची. मार्चनंतर ज्याची मुदत संपली, त्याने पुढच्या हिवाळ्यापर्यंत काय करायचं? उन्हाळा काढायचा, पावसाळा काढायचा. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या जुन्या शिपायाने १९३६ साली छापलेल्या आठवणींत हे दिवस लिहिलेत. काम जवळजवळ नाहीच. नुसतं बसून राहायचं. कुणी दारूत बुडालं, कुणी तुरुंगात गेलं, कुणाचं डोकं फिरलं. त्याला नाव पडलं ‘डूलॅली टॅप’. टॅप म्हणजे आपला ताप.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की ही माणसं लढाईतून जिवंत सुटली होती आणि रिकामपणाने खचली. मग प्रश्न येतो, लढून आलेल्या माणसाला सावरतं काय?

एक उत्तर इंग्लंडमध्येच सापडलं. दुसऱ्या महायुद्धात कण्याला इजा झालेले सैनिक स्टोक मँडविल रुग्णालयात होते. डॉक्टर लुडविग गुटमन यांनी त्यांना खाटेवर पडून राहू दिलं नाही, खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ला, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, व्हीलचेअरवरच्या १६ माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथे आहे.

आता आपल्या मातीत या. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. फौजेत ईएमईचे जवान, आणि बॉक्सर. १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. बॉक्सिंग संपलं. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगितलं गेलं. जमिनीवर जे शरीर ओझं होतं, ते पाण्यात हलकं झालं. १९७२ला जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार केली. जागतिक विक्रम, आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण! पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं. ‘चंदू चॅम्पियन’ बघितला असेल, तर तो त्यांच्याच आयुष्यावरचा.

पाण्याची अशीच एक वाट अमेरिकेत निघाली. २००५ साली वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात इराक-अफगाणिस्तानातून आलेले जखमी सैनिक होते. नौदलातले निवृत्त कॅप्टन एड निकोल्सन यांनी त्यांना फ्लाय फिशिंग शिकवायचा उपक्रम सुरू केला. नाव, ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’.

हे आपल्या गळ टाकून बसण्यासारखं नसतं. पिसं आणि दोरा गळावर गुंडाळून खोटा किडा बांधायचा. त्याला वजनच नसतं, म्हणून दोरीच्या वजनावर तो फेकायचा. दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मगच पुढे झटका. घाई केली की गुंता. जखमी हाताला बारीक काम मिळतं, आणि सतत धोका शोधणाऱ्या नजरेला काही वेळ फक्त पाणी दिसतं. मासा बहुतेकदा परत सोडतात. शिकलेला सैनिक पुढे नव्याला शिकवतो. मला वाटतं, खरं औषध इथे आहे. ज्याला मदत लागत होती, तो आता कुणाच्या तरी उपयोगी पडतो.

आपल्याकडे ही समज नव्हती असं नाही हं. अपंग सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ साली मुंबईत सुरू झाली आणि पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. खडकीतच १९७४ पासून पॅराप्लेजिक सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. पण या सगळ्या जखमा दिसणाऱ्या. न दिसणाऱ्या जखमेला आपल्या घरात आजही एकच शब्द असतो, ‘डोकं फिरलंय’. म्हणजे दीडशे वर्षांनी आपणही डूलॅलीच म्हणतोय.

नाशिकमध्ये देवळालीचं स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, नाशिक रोडचं आर्टिलरी सेंटर आहे. त्यामुळे तुमच्या गल्लीतही एखादे निवृत्त फौजी काका असतील. त्यांना लगेच ‘युद्धात काय पाहिलंत?’ असं विचारू नका. ‘काका, तुम्ही फौजेत काय खेळायचात? आम्हाला शिकवाल का?’ असं विचारा. झोप उडालेली असेल, माणूस आतून तुटत असेल, तर १४४१६ हा टेलीमानसचा मोफत नंबर आहे. सैन्यदलांसाठी पुण्याच्या एएफएमसीत त्याचा खास विभागही आहे. नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा. भेटू पुढच्या भागात!